त्सुनामीत बुडालेली शिडाची बोट कशी वाचवतात? (आणि यात तुमच्या फोनसाठी काय आहे)

११ मार्च २०११. जपानच्या तोहोकू किनाऱ्याजवळ दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर जपानमध्ये काय झालं त्याचे व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिले असतीलच. पण त्याच लाटा साधारण दहा तासांनी प्रशांत महासागराच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात सांताक्रूझ नावाच्या बंदरात पोचल्या. (नाही, आपलं वेस्टर्न लाइनवरचं सांताक्रूझ नाही!) तिथे भिंतीसारखी उभी लाट वगैरे काही आली नाही. बंदरातलं पाणी नदीला पूर आल्यासारखं आत धावत आलं, काही मिनिटं थांबलं आणि तेवढ्याच जोरात बाहेर ओढलं गेलं. मग परत आत. असं तासन् तास चाललं. एवढ्यानेच डझनाहून जास्त बोटी बुडाल्या, कितीतरी फुटल्या आणि बंदराचं नुकसान दोन कोटी डॉलरच्या वर गेलं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे शिडाची बोट आहे? माझ्याकडेही नाही. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण कामानिमित्त काही महिने कॅलिफोर्नियात होतो, तेव्हा हे बंदर बघितलं आणि एक प्रश्न डोक्यात अडकला: बुडालेली बोट हे लोक परत पाण्यावर आणतात तरी कशी? वाचत गेलो तसं लक्षात आलं की यातलं अर्धं विज्ञान तेच आहे जे समुद्रात पडलेल्या फोनला लागू पडतं. आणि तिथे काही लोकांसाठी बोट म्हणजे रविवारचा छंद नसतो, ते बोटीतच राहतात. त्यांच्यासाठी बोट वाचणं म्हणजे घर वाचणं.

लाट छोटी, मग नुकसान एवढं का?

खोल समुद्रात त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोलीला तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ विमानाएवढा. किनाऱ्याजवळ खोली कमी झाली की वेग पडतो आणि उंची वाढते. पण बंदरात उंचीपेक्षा जास्त घातक असतो तो प्रवाह.

सांताक्रूझचं बंदर लांब आणि अरुंद आहे. तोंड छोटं, आत गल्लीसारखं पाणी. समुद्राची पातळी बाहेर मीटर-दीड मीटर वर गेली की एवढं सगळं पाणी त्या छोट्या तोंडातून आत घुसायला बघतं. आणि पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. रोजच्या भरती-ओहोटीत प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल आणि त्सुनामीत तो पाच मीटर झाला, तर वेग दहापट, पण बोटीवर पडणारा जोर शंभरपट. बोट ज्या दोरांनी बांधलेली असते आणि ते दोर ज्या लोखंडी खुंट्यांना अडकवलेले असतात, त्या कोणी शंभरपट जोरासाठी बसवलेल्या नसतात.

त्यात तिथले धक्के तरंगते असतात. समुद्रात ठोकलेल्या खांबांना कड्या लावून हे धक्के अडकवतात, म्हणजे पाणी वर-खाली झालं की धक्काही वर-खाली होतो. एरवी मस्त डिझाइन. पण पाणी खांबाच्या टोकाच्या वर गेलं किंवा खांबच वाकला, तर अख्खा धक्का त्याला बांधलेल्या बोटींसकट सुटतो. मग तो पुढच्या धक्क्यावर आदळतो, तो त्याच्या पुढच्यावर. बंदराच्या आतल्या भागात २०११ ला जास्त नासधूस झाली ती अशीच. बोटी पाण्याने कमी आणि एकमेकींनी जास्त फोडल्या. उत्तरेच्या क्रेसेंट सिटीमध्ये त्याच दिवशी आतलं बंदर उद्ध्वस्त झालं. नंतर ते जास्त आणि जाड खांब खोलवर ठोकून परत बांधलं, खास त्सुनामी डोळ्यांसमोर ठेवून. तरी जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला तेव्हा तिथल्या एका धक्क्याची वाट लागलीच.

अजून एक नुकसान लगेच दिसत नाही. पाणी बाहेर ओढलं जातं तेव्हा बंदर जवळजवळ रिकामं होतं आणि शिडाची बोट तळावर आपटते. शिडाच्या बोटीखाली कील नावाचा जड पंखा असतो, शिशाचा किंवा बिडाचा. वारा शिडाला ढकलतो तेव्हा बोट कलंडू नये म्हणून हे वजन. बोट आपटली की सगळा दणका कीलच्या जोडावर बसतो. बाहेरून बघितलं तर जोडापाशी एक बारीक वाकडी भेग दिसते. सेलिंगवाले तिला 'स्माईल' म्हणतात. बोट तरंगत असते, मालक खूश असतो, आणि खाली ही हसत असते.

आधी काय करायचं नाही

धावत जाऊन बोटीत उडी मारायची नाही. हे सांगायला लागतं, कारण लोक नेमकं तेच करतात. त्सुनामीची पहिली लाट बऱ्याचदा सगळ्यात मोठी नसते. दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असू शकतं, आणि बंदरात पाण्याची ही ये-जा दिवसभर चालू राहू शकते. मधल्या शांत पंधरा मिनिटांत 'संपलं वाटतं' असं समजून धक्क्यावर गेलेला माणूस पुढच्या लाटेत अडकतो. बोट बंदराबाहेर खोल पाण्यात न्यायची तर ती आधीच, इशारा आल्यावर भरपूर वेळ हातात असेल तर. जपानहून कॅलिफोर्नियाला लाट यायला दहा तास होते, म्हणून क्रेसेंट सिटीच्या बऱ्याच मच्छीमार बोटी पहाटेच बाहेर पडू शकल्या. खोल पाण्यात त्सुनामी खालून जाते आणि बोटीला पत्ताही लागत नाही.

भूकंप जवळच झाला असेल तर हे गणित चालत नाही. तेव्हा बोट विसरायची आणि उंच जागी पळायचं. आपल्याकडेही हे लागू आहे: नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, भूकंप झाला तेव्हा त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती आणि इथेही माणसं गेली होती. २००४ नंतर हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये आपलं इशारा केंद्र सुरू झालं. फोनवर सरकारी इमर्जन्सी अलर्टची सेटिंग बंद करून ठेवली असेल तर चालू करा. तो कर्कश आवाज नको वाटतो, माहितीये.

बोट अजून तरंगतेय, पण आत पाणी येतंय

समजा अधिकाऱ्यांनी बंदर मोकळं केलं आणि बोटीत पाणी शिरतंय. इथे आकडा बघा, कारण मला स्वतःला तो बघून धक्का बसला.

पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर फक्त ५ सेंटीमीटर व्यासाचं भोक पडलंय. लिंबाएवढं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं सूत्र लावलं तर पाणी आत येण्याचा वेग सेकंदाला साधारण ३.४ मीटर. भोकाच्या कडेला धार आकसते ते धरूनही सेकंदाला ४ लिटर पाणी आत येतं. मिनिटाला २४० लिटर. तुमच्या गच्चीवरची १००० लिटरची टाकी जेमतेम चार मिनिटांत भरेल! आणि हे लिंबाएवढ्या भोकातून.

बोटीच्या बुडातल्या सगळ्यात खोल जागेला बिल्ज म्हणतात. तिथे साचलेलं पाणी उपसायला बॅटरीवर चालणारा बिल्ज पंप असतो. चांगल्या मोठ्या पंपावर ताशी साडेसात हजार लिटर वगैरे लिहिलेलं असतं. आपल्या भोकातून ताशी साडेचौदा हजार लिटर येतंय. शिवाय खोक्यावरचा आकडा पाणी वर न चढवता, पूर्ण व्होल्टेजवर मोजलेला असतो. फोनच्या बॅटरी लाइफचे आकडे जसे असतात तसंच. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी खूप. आणि पाणी बॅटरीपर्यंत चढलं की पंपच बंद.

म्हणून आधी भोक, मग पंप. हा क्रम उलटा केला की बोट जाते.

भोक आतून दाबायचं की बाहेरून? आतून दाबलं तर समुद्र तुमच्या विरुद्ध ढकलतो. वरच्या लिंबाएवढ्या भोकावर तो जोर किलोभराचा असतो, म्हणजे निमुळता लाकडी बुच ठोकून किंवा उशी कोंबूनही भागतं. बऱ्याच बोटींवर असे बुच दोरीने बांधून ठेवलेले असतात. पण ३० बाय ३० सेंटीमीटरची खिंडार असेल तर जोर पन्नास किलोच्या वर जातो. तेव्हा जुनं शीड किंवा ताडपत्री बोटीच्या बाहेरून, खालून ओढून घेतात आणि दोन्ही बाजूंनी दोरांनी बांधतात. आता तोच समुद्र ती ताडपत्री भोकावर दाबून धरतो. पाणी पूर्ण थांबत नाही, पण पंपाला झेपेल एवढं कमी होतं. जहाजांच्या जमान्यातली ही युक्ती आहे आणि अजून तिला तोड नाही.

बोट तळाला गेली असेल तर

इथून काम पाणबुड्यांचं आणि क्रेनवाल्यांचं. पण तत्त्व आर्किमिडीजचं आहे, आठवीतलं.

पाच टनांची शिडाची बोट पाण्याखाली पाच टनांची राहत नाही. पाण्याने तिला थोडं उचललेलंच असतं, त्यामुळे पाण्याखाली ती तीनेक टनांची भरते. एक घनमीटर हवा साधारण एक टन उचलते. म्हणजे बोटीला पट्टे बांधून तीन-चार घनमीटर हवेच्या पिशव्या लावल्या की ती तळ सोडते. ऐकायला सोपं आहे.

पहिली गंमत: पिशवी वर येते तसा पाण्याचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगते. सहा मीटर खोलीवर जी हवा होती ती पृष्ठभागापर्यंत येताना दीडपटीहून जास्त जागा घेते. जास्त फुगली की जास्त उचलते, म्हणून बोट अजून वेगाने वर येते, म्हणून अजून फुगते. आम्ही कोडमध्ये ज्याला इन्फिनिट लूप म्हणतो तसा प्रकार. अर्धवट कलंडलेली बोट अशी सुसाट वर आली तर शेजारचा पाणबुड्या आणि बोट दोन्ही धोक्यात. म्हणून पिशव्यांना जास्तीची हवा सोडणारे व्हॉल्व्ह असतात आणि हवा हळूहळू, आलटून-पालटून भरतात.

दुसरी गोष्ट: बोट पृष्ठभागाला आली की क्रेनने सरळ उचलायची नाही. पाण्याखाली असताना तिच्या आतल्या पाण्याला वजन नव्हतं. ती हवेत येऊ लागली की आतलं दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन होतं, बोटीच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. पट्टे बोटीच्या कवचात रुततील नाहीतर कवचच दुमडेल. म्हणून डेकची कड पाण्याच्या जरा वर येईल एवढंच उचलतात, झडपा आणि भोकं बंद करतात आणि मोठे पंप लावून पाणी उपसतात. त्यातही आतलं अर्धवट पाणी एका बाजूला धावतं आणि बोट कलंडवतं. ताटात पाणी घेऊन चालून बघा, कळेल. हा तास सगळ्यात नाजूक असतो.

आणि पट्टे कशाला बांधायचे? डेकवरच्या खुंट्यांना अजिबात नाही. त्या उपटून येतात. पट्टे पूर्ण बोटीखालून, कीलच्या पुढून आणि मागून.

खरा शत्रू पाणी नाही, मीठ आहे

आता बोट वर आली. सगळे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. पण बोटीच्या इंजिनाचं आणि वायरिंगचं घड्याळ खरं तर आत्ता सुरू झालंय.

लोखंड गंजायला पाणी लागतं, मीठ असेल तर भलताच वेग येतो, पण ऑक्सिजनही लागतो. समुद्राच्या तळाशी, चिखलात पडलेल्या इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. ते वर काढून उन्हात ठेवलं की खारं पाणी, हवा आणि उष्णता एकत्र येतात, आणि सिलिंडरच्या आरशासारख्या भिंतीवर काही तासांतच गंज धरायला लागतो. म्हणून अनुभवी मेकॅनिक जे सांगतात ते ऐकायला येडपट वाटतं: लगेच काम करायला माणूस आणि सामान तयार नसेल तर इंजिन वर काढूच नका. काढलंच असेल आणि छोटं आउटबोर्ड इंजिन असेल, तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ओलं ठेवा, सुकू देऊ नका.

मेकॅनिक तयार असेल तर काम असं चालतं. आधी बॅटरी तोडायची. मग गोड्या पाण्याचा भरपूर मारा, आतून-बाहेरून. मग जुनं ऑइल काढायचं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. स्टार्टर मारायचा नाही! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबई-पुण्यात दर पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेल्या गाड्या चावी फिरवून लोक अशाच मारतात. इथे इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवतात, पाणी भोकांतून बाहेर उडवतात. मग डिझेल किंवा पातळ ऑइल आत भरून सगळे भाग भिजवतात, नवीन ऑइल आणि फिल्टर घालतात, आणि शक्यतो एक-दोन दिवसांतच इंजिन चालू करून गरम करतात. मग परत ऑइल बदल. परत. तीन-चार वेळा, ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत. या क्रमाने वेळेत केलं तर जुनं साधं डिझेल इंजिन वाचतं. नवीन, सेन्सर आणि कंट्रोल युनिटवालं इंजिन वाचण्याची शक्यता मात्र बरीच कमी. माझ्याच क्षेत्राची करणी आहे ही, काय बोलणार.

वायरिंगचं दुखणं वेगळं आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि नळाच्या पाण्यापेक्षा ते वीज कितीतरी पटींनी जास्त वाहून नेतं. बॅटरी जोडलेली असताना तार खाऱ्या पाण्यात गेली की प्लस आणि मायनसच्या मधलं पाणीच वायर बनतं. प्लसकडचं तांबं अक्षरशः विरघळायला लागतं. शाळेत कॉपर सल्फेटचा प्रयोग केला होता ना, तोच, पण बोटीच्या पॅनेलमध्ये. शिवाय तारेच्या बारीक धाग्यांमधून पाणी दिव्याच्या वातीसारखं वर चढतं. टोक कापून बघितलं तर आतलं तांबं काळं पडलेलं असतं. म्हणून बोटींसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. साधी तार असेल तर धुऊन उपयोग नाही, सगळी काढून नवीन.

लीड-ॲसिड बॅटरीत खारं पाणी गेलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. पाणबुड्यांमधला हा जुना, भयंकर धोका आहे. त्यामुळे बंद केबिनमध्ये लगेच डोकं घालत नाहीत, आधी हवा खेळू देतात. लिथियम बॅटरी भिजली असेल तर ती बोटीत ठेवतच नाहीत, मोकळ्यावर लांब नेतात. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळानंतर समुद्राचं पाणी शिरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी पेट घेतला होता, तेही पाणी ओसरल्यानंतर.

आता तुमचा फोन काढा

माझ्या रूममेटचा फोन काशिदच्या समुद्रात पडला होता. सेकंदभरात बाहेर काढला, चालू होता. त्याने तो पुसला, चालूच ठेवला, व्हिडिओ बघितला, रात्री तांदळाच्या डब्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी चार्जिंग पोर्टमध्ये हिरवट थर आणि फोन गेला. आता वरचं इंजिन आठवा. फोन पाण्याने नाही गेला. वीज चालू, आत मीठ, वर हवा: त्याने गेला.

आयपी६८ वगैरे रेटिंग असतं ते गोड्या पाण्यातल्या चाचणीचं. मीठ, क्लोरीनवालं स्विमिंग पूलचं पाणी, साबण यांची हमी त्यात नसते. आणि तांदूळ? तांदूळ फार तर थोडी ओल घेईल, मीठ घेणार नाही. ते आत सुकून बसतं आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून परत ओलं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते सुकलेलं राहणारच नाही. वर तांदळाची पावडर पोर्टमध्ये. ॲपलने तर फोन तांदळात ठेवू नका असं स्वतःच्या सपोर्ट पेजवर लिहिलंय.

मग करायचं काय? लगेच बंद करा. चार्जर लावू नका. कव्हर काढा. फोन वॉटर रेझिस्टंट असेल, काच-बॉडी फुटलेली नसेल, तर नळाच्या हलक्या धारेखाली मीठ धुऊन टाका. हो, पाण्यात पडलेला फोन पाण्यानेच धुवायचा! मग पोर्ट खाली करून हळूच आपटा, मऊ कापडाने पुसा, पंख्याच्या वाऱ्यात नीट सुकू द्या. सिम ट्रे असेल तर पाणी निथळल्यावरच काढा. हेअर ड्रायर नको. फोन वॉटर रेझिस्टंट नसेल किंवा आत पाणी गेल्याची खात्री असेल तर घरी धुण्याचे प्रयोग न करता बंद अवस्थेतच त्याच दिवशी रिपेअरवाल्याकडे. तो उघडून, बॅटरी काढून, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो. दोन दिवस 'सुकतोय का बघू' म्हणून थांबलात की तेच घड्याळ चालू असतं.

परत बोटीकडे: कवच, कील, डोलकाठी

आतापर्यंत बोट जमिनीवर, स्टँडवर उभी आहे. आजच्या बहुतेक शिडाच्या बोटी फायबरग्लासच्या असतात. भोक दिसतं तेवढंच नसतं. आजूबाजूचे थर आतल्या आत सुटलेले असू शकतात. त्यासाठी छोट्या हातोडीने किंवा नाण्याने टकटक करत जातात. चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. आपण कलिंगड घेताना करतो तसंच. पेन्सिलने खुणा करत गेलं की भोकाच्या दोन-तीन पट मोठा नकाशा तयार होतो.

सुटलेलं सगळं कापून काढतात आणि कडा एकदम सरळ न ठेवता उतरत्या घासतात. जाडीच्या बारापट उतार ठेवायची पद्धत आहे: कवच १ सेंटीमीटर जाड असेल तर चारी बाजूंनी १२ सेंटीमीटर. तेवढ्या पृष्ठभागावर नवीन कापड आणि इपॉक्सी चिकटतं. पण ओल्या फायबरग्लासवर काहीच धड चिकटत नाही, आणि आत मीठ राहिलं तर ते ओल धरून ठेवतं. म्हणून परत गोड्या पाण्याने धुणं, परत सुकवणं, कधी कधी आठवडेच्या आठवडे. यूट्यूबवर हा भाग सहा सेकंदांच्या टाइमलॅप्समध्ये उरकतात.

कीलचे बोल्ट तपासायचे ते याच वेळी, आणि सुकाणूचा दांडा सुद्धा. डोलकाठी ज्या तारांनी उभी राहते त्या डेकला जिथे जोडलेल्या असतात तिथे ओढ बसून भेगा पडलेल्या असू शकतात. शिडं गोड्या पाण्यात भिजवून, धुऊन, सावलीत वाळवली की बहुतेक वाचतात. गाद्या, प्लायवूडची कपाटं, रेडिओ, जीपीएस, ऑटोपायलट हे गेलं समजायचं.

इथे एक कडू गोष्ट. बुडालेल्या प्रत्येक बोटीवर हे सगळं करणं परवडत नाही. चाळीस वर्षं जुन्या बोटीची किंमत नुसत्या क्रेनच्या आणि पाणबुड्यांच्या बिलापेक्षा कमी निघू शकते. मग बोट वर काढतात ती वाचवायला नाही, बंदर मोकळं करायला आणि डिझेल गळू नये म्हणून. मालक बोटीतच राहत असेल तर तो हा हिशोब पैशांत करत नाही, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. फक्त कील आणि डोलकाठीचे जोड शाबूत नसतील तर जीव टाकू नये, असं माझं मत.

विम्याचं काम फोन करतो. आज, बोट चांगली असतानाच, आतल्या प्रत्येक वस्तूचा आणि सिरीयल नंबरचा व्हिडिओ काढून क्लाउडवर टाकायचा. घटनेनंतर काहीही हलवण्याआधी परत व्हिडिओ, तारीख-वेळ-लोकेशनसकट. मूळ फाइल ठेवायची, व्हॉट्सॲपवरून आलेली नाही, कारण तिथे फाइल दाबली जाते आणि आतला हा तपशील निघून जातो. घर, गाडी, दुकान, कशालाही हे चालतं.

दुरुस्ती झाली, रंग झाला, बोट क्रेनच्या पट्ट्यांतून पाण्यात उतरली, की पट्टे लगेच सोडत नाहीत. कोणीतरी टॉर्च घेऊन आत बिल्जजवळ बसतं आणि प्रत्येक जोड कोरडा आहे का बघतं. पहिले काही दिवस दर काही तासांनी हेच. आणि बिल्जमध्ये थोडं पाणी दिसलंच तर जुने सेलर काय करतात माहितीये? बोट बुडवून चव बघतात. हाताचं बोट! गोडं लागलं तर पावसाचं नाहीतर बोटीतल्या टाकीचं, उद्या बघता येईल. खारट लागलं तर क्रेनवाल्याला थांबायला सांगायचं.